केसपेपरच्या कोपऱ्यातला आकडा

छातीच्या वॉर्डात मी समाजसेविका म्हणून लागले तेव्हा केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात डॉक्टर एक आकडा लिहीत. सत्तर, साठ, कधी चाळीस. केसपेपर हातात पडला की नातेवाईक आधी तो आकडा शोधत आणि त्याला वजन समजत. ‘चाळीसच कसे? गावाला काट्यावर पन्नास भरले होते,’ म्हणून एक बाई माझ्याशी हुज्जत घालत होत्या. आकडा वजनाचा नव्हता. रुग्ण किती हिंडताफिरता आहे याचे डॉक्टरांनी शंभरापैकी दिलेले ते गुण होते. शेजारी के. पी. एस. अशी अक्षरं असत. त्यातला ‘के’ म्हणजे डेव्हिड कर्नोफ्स्की, न्यू यॉर्कच्या मेमोरिअल हॉस्पिटलातले डॉक्टर. ज्या कागदांच्या ढिगाऱ्यात नोकरी गेली ते कागद मुळात आले कुठून, हे मी निवृत्तीनंतर सवडीने वाचत बसले. त्यातलं बरंचसं कर्करोगाच्या इतर कुठल्या प्रकारातून नाही, आमच्याच वॉर्डातल्या आजारातून आलेलं निघालं.

कर्नोफ्स्कींची पट्टी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर बेतलेली आहे. तिची सुरुवात युद्धातल्या विषारी वायूपर्यंत मागे जाते. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूने सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात त्याच जातीच्या रसायनांवर अमेरिकेत गुपचूप काम झालं आणि त्यातून नायट्रोजन मस्टर्ड हे औषध हाती आलं. १९४८ साली कर्नोफ्स्की आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ते फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३५ रुग्णांना देऊन काय झालं ते छापलं. बरं कोणीच झालं नाही. पण काहींचा खोकला कमी झाला, श्वास जरा मोकळा झाला, आणि काही आठवड्यांनी सगळं परतलं. मग या औषधाचा उपयोग झाला म्हणायचं की नाही? नुसत्या एक्स-रेवर त्याचं उत्तर मिळेना. म्हणून त्यांनी शंभरापासून शून्यापर्यंत दहा-दहाच्या पायऱ्या आखल्या. शंभर म्हणजे काही तक्रार नाही. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा होत नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत लागते. दहा म्हणजे घटका भरत आलेल्या. शून्याचा अर्थ सांगायला नको.

ही पट्टी मी इतक्यांदा वाचलेली आहे की तिच्यातलं एक वैगुण्य मला आता लांबूनही दिसतं. खालच्या अर्ध्या भागात रुग्णाला किती त्रास होतोय याचा पत्ताच नाही, त्याला किती माणसं लागतात याचा हिशेब आहे. म्हणजे पट्टी रुग्णाची असली तरी तिच्याकडे बघणारे डोळे वॉर्डाचे आहेत. आणि गुण देणार डॉक्टर. तेही दाराशी उभं राहून, दोन मिनिटांत. सकाळचे डॉक्टर साठ लिहीत आणि संध्याकाळची सिस्टर त्याच माणसाला बेडपॅन देत असे. दोन तपासनिसांचे आकडे जुळत नाहीत, असं पुढे अभ्यासांतही दिसलं. तरी पट्टी टिकली, कारण तिच्यावर निर्णय लटकलेले होते. आकडा बरा असेल तर केमो, नाहीतर ‘घरी न्या, खाऊपिऊ घाला’. १९६० साली झुब्रॉड या डॉक्टरांनी मोजायची आणखी आटोपशीर रीत काढली, तिच्यातून शून्य ते पाच अशी छोटी पट्टी रुळली आणि आता केसपेपरवर बहुधा तीच असते. बघणारे डोळे तेच राहिले.

एवढी उठाठेव या एका आजारासाठी का करावी लागली, ते कळायला थोडं मागे जायला हवं. १९१२ साली न्यू यॉर्कच्या आयझॅक अॅडलर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर पुस्तक लिहिलं तेव्हा इतक्या विरळ आजारावर पुस्तक कशाला, याचंच त्यांना समर्थन द्यावं लागलं. जगभरचं वैद्यकीय लिखाण चाळून त्यांना जेमतेम ३७४ रुग्ण सापडले. मग सिगारेट आली आणि विरळ हा शब्द संपला.

१९३३ च्या एप्रिलमध्ये सेंट लुइसच्या बार्न्स हॉस्पिटलात एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी जेम्स गिल्मोर या रुग्णाचं अख्खं डावं फुप्फुस काढलं. एका बैठकीत सबंध फुप्फुस काढून कर्करोगाचा रुग्ण जगल्याची ही पहिली नोंद. गिल्मोर स्वतः डॉक्टर, पिट्सबर्गला बाळंतपणं करणारे, वय ४८. शस्त्रक्रियेआधी ते घरी जाऊन आले. तेवढ्यात त्यांनी दोन कामं उरकली, असं सांगतात : दात भरून घेतले आणि स्मशानभूमीत जागा विकत घेतली. मला हा मनुष्य फार आवडतो. जगलो तर नीट चावता यावं आणि मेलो तर घरच्यांची धावाधाव नको, एवढं त्यांना कळत होतं आणि ते विचारायला कुठला फॉर्म त्यांच्यापुढे धरावा लागला नाही. गिल्मोर पुढे ३० वर्षं जगले. त्यांचे सर्जन ग्रॅहम आधी गेले, १९५७ साली, फुप्फुसाच्याच कर्करोगाने. ग्रॅहम कित्येक वर्षं सिगारेट ओढणारे. अर्न्स्ट वाइंडर या तरुण विद्यार्थ्याबरोबर १९५० साली सिगारेट आणि हा आजार यांचं नातं दाखवणारा अभ्यास छापताना त्यांना स्वतःलाच ते पटवून घ्यावं लागलं होतं. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी तेच दाखवलं.

आपल्याकडे सिगारेटआधी विडी. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, देशातली ती पहिली. तिच्या आधारावर डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी १९७९ साली बृहन्मुंबईतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास छापला आणि विडी सिगारेटपेक्षा सौम्य असल्याचा समज खोटा ठरवला. आमच्या लालबागेत ही बातमी पोचायचं काही कारण नव्हतं. माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात. तिथल्या लोकांना खोकला असायचाच. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती जास्त आवळायची आणि त्यावर उपाय म्हणून पाळी सुटल्यावर गेटबाहेर विडी. खोकल्याला आमच्याकडे तीन नावं होती. कापसाचा, विडीचा आणि टीबीचा. चौथ्या नावापर्यंत पोचायला वेळ लागे. एक्स-रेत सावली दिसली की आधी टीबीची औषधं सुरू होत, पाच-सहा महिने जात, थुंकीतून रक्त येई आणि मग कोणीतरी म्हणे, टाटाला दाखवा.

टाटा मेमोरिअल परळला १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, ८० खाटांनिशी. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्या वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभारलं. मी तिथे नोकरीला नव्हते. पण मुंबईतल्या कुठल्याही छातीच्या वॉर्डाचा रस्ता कधी ना कधी तिथे वळतोच. तिथे येणारा माणूस जळगावहून, गडचिरोलीहून, बिहारमधून येतो आणि त्याचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो, झोपायचं कुठे हा असतो. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा सदनाची इमारत, आणि या दोन्ही भरल्या की फुटपाथ. आजारी माणसाचं जगणं कसं चाललंय हे मोजणाऱ्या एकाही पट्टीत मी ‘रात्री निजायला जागा आहे का’ हा प्रश्न पाहिला नाही. तो विचारायचं काम आमचं.

आमच्या व्यवसायाचा जन्म मात्र संशयातून झाला, हे इथे सांगून टाकते. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १८९५ साली मेरी स्ट्युअर्ट या बाईंना नेमलं ते फुकट उपचार घ्यायला येणाऱ्यांत ऐपत असलेले कोण, ते हुडकून काढायला. दाराशी बसवलेली चाळणी. तिथे बसून लोकांच्या घरच्या कहाण्या ऐकता ऐकता काम बदललं. मुंबईत नागपाड्याला १९३६ साली दोराबजींच्याच ट्रस्टने समाजकार्याची शाळा काढली, ती पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि दहा वर्षांनी जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. माझ्या वेळेपर्यंत रेशनकार्ड तपासायचं, फंडाची पत्रं लिहायची, आणि मध्येच कोणी रडू लागलं तर खुर्ची पुढे ओढायची, असं सगळं एकाच टेबलावर चाले.

सिसिली साँडर्स याच टेबलावरून उठून गेलेल्या. आधी नर्स, मग पाठ दुखते म्हणून लंडनच्या रुग्णालयात समाजसेविका, मग वयाच्या तिशीत डॉक्टरकीचं शिक्षण. १९४८ साली, न्यू यॉर्कमध्ये ती पट्टी छापली जात होती त्याच वर्षी, त्या डेव्हिड तस्मा या मरणाला टेकलेल्या पोलिश निर्वासिताशेजारी बसून त्याला काय हवं नको ते ऐकत होत्या. त्याने जाताना त्यांच्या स्वप्नातल्या घराच्या खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले. ते घर म्हणजे सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस, उभं राहायला १९६७ उजाडलं. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात पैशाची काळजी, घरच्यांची काळजी, देवाशी भांडण सगळं मिसळलेलं असतं, असं त्या सांगत. समाजसेविकेच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही हे नवीन वाटणार नाही. फरक एवढाच की डॉक्टर झाल्यावर त्यांचं लोकांनी ऐकलं.

आता नातेवाईकांकडे येते. आमच्याकडे रुग्णाला ‘काय होतंय?’ विचारलं की उत्तर मुलगा देतो. मुलगा नसेल तर जावई, भाऊ, गावचा सरपंच. रुग्ण मध्ये बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावरून त्याचा खोकला दुसरा कोणी वर्णन करत असतो. निदान कळलं की बाहेर बोलावून पहिली विनंती, ‘त्यांना सांगू नका’. मग रुग्णाला सांगायचं की छातीत पाणी झालंय. घरच्यांना वाटे याला काही ठाऊक नाही. याला वाटे घरच्यांना कळू देऊ नये. आणि दोघंही मला वेगवेगळं गाठून तेच बजावत. ही आपली खास भारतीय रीत, कुटुंबवत्सल वगैरे, असं परिषदांमध्ये फार ऐकलं. म्हणून १९६१ चा शिकागोचा एक अभ्यास मी ध्यानात ठेवला आहे. तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, रुग्णाला कर्करोग झाल्याचं सांगता का. ९० टक्क्यांचा कल न सांगण्याकडे होता. अमेरिकन डॉक्टरांना १९७९ साली पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे. अठरा वर्षांत रीत उलटीपालटी झाली. तेव्हा संस्कृती वगैरे म्हणून हात झटकणं मला पटत नाही. उपचार सुधारले की डॉक्टरांची जीभ सैल होते, एवढंच मला त्यातून दिसतं.

रुग्णाच्या तोंडून उत्तर घ्यायला लावणारा कागद आला तो १९९३ साली. युरोपातल्या कर्करोग संशोधकांच्या संघटनेने नील आरनसन यांच्या पुढाकाराने ३० प्रश्नांची यादी तयार केली. आणि ती पारखली कोणावर? पुन्हा फुप्फुसाच्या कर्करोगावर. १३ देशांतले ३०५ रुग्ण, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेले. पुढच्या वर्षी याच आजारासाठी १३ प्रश्नांची पुरवणी निघाली : खोकला किती, रक्त पडतं का, बसल्या जागी धाप लागते का, चालताना लागते का, जिना चढताना लागते का, हातापायाला मुंग्या, तोंड येणं, केस गळणं, दुखतं कुठे. उत्तरं चार : अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. पुढे हे फॉर्म मराठीतही आले. रुग्णाने स्वतः भरावा अशी सूचना असे. निम्म्यांना वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवी. मुलाने तोंड उघडलं की मी त्याला रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला पाठवी. झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे होतं आणि तिथे कायम रांग असे, हे माझ्या पथ्यावर पडलं.

पण सगळीच उत्तरं त्यामुळे खरी येत असं नाही. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त जॉबरना मी विचारलं, जिना चढताना धाप लागते का? ‘अजिबात नाही.’ मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, ‘उतरतच नाहीत तर लागेल कशी? दवाखान्याच्या दिवशी पोरं खुर्चीसकट उतरवतात.’ गल्लीतलं भजन सुटलं होतं, नाक्यावरचा चहा सुटला होता, संडासाला गॅलरीच्या टोकापर्यंत जायला दोन ठिकाणी थांबावं लागत होतं, आणि कागदावर जिन्याचा त्रास शून्य. त्या दिवसापासून मुलाला झेरॉक्सला पाठवलं तरी बायकोला मी सहसा आत ठेवत असे. उत्तर रुग्णाचंच लिहायचं, पण ऐकायचं दोघांचं.

खोकल्याच्या प्रश्नाशी आम्ही सर्वांत जास्त अडखळायचो. ‘किती’ याचं उत्तर सगळे देत. मला मात्र त्या खोकल्याने घरात काय होतं ते ऐकायचं असे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात आणि रात्री दोनला खोकला सुरू झाला की सातही जागी होतात. ‘पोराची सकाळची पाळी असते हो,’ हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं. एक गृहस्थ त्यासाठी रात्रभर बाहेर गॅलरीत बसत. शेजाऱ्यांनी टीबी समजून कप वेगळा केलेला, तो अपमान वेगळाच. छाती दुखते त्याहून हे जास्त लागतं, असं म्हणणारे होते.

दुखण्यावर आणि धापेवर मॉर्फिन उपयोगी पडतं. तोंडाने घ्यायची साधी, स्वस्त गोळी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिची वरची पायरी तीच. त्याच वर्षी वांद्र्याला डॉ. डिसोझा यांनी शांती अवेदना सदन काढलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. समुद्र दिसतो तिथून. पण आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा नवा कायदा झाला होता. परवान्यांची अशी काही जाळी विणली गेली की मॉर्फिन ठेवणं म्हणजे औषधविक्रेत्याला आफत वाटू लागली, आणि बारा वर्षांत देशातला वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. ज्या देशात नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखान्यांत अफू प्रक्रिया होऊन परदेशी जात होती, त्या देशात. कायदा सुधारायला २०१४ उजाडलं. मधल्या वर्षांत आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्यांचा विचार मी फारसा करत नाही. केला तर झोप येत नाही.

२०१० साली बोस्टनहून एक अभ्यास आला. जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग अंगभर पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदान झाल्या झाल्याच वेदनाशामक सेवेच्या डॉक्टर-नर्सकडेही पाठवलं. त्यांचे दिवस बरे गेले, मन कमी खचलं, शेवटच्या काळात केमोचा मारा कमी झाला, आणि तरीही ते जास्त जगले : ११.६ महिने, बाकीचे ८.९. त्यानंतर आमच्याकडे डॉक्टर लोक माझ्या टेबलाकडे जरा लवकर रुग्ण पाठवू लागले. आधी सगळं संपल्यावर पाठवत.

आता सिगारेट-विडीला कधी हात न लावलेल्या बायकाही या रांगेत दिसतात आणि काहींना रोजची एक गोळी चालते. या गोळीबरोबर केमो जोडावी का, हे टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर तपासलं. २०१९ मध्ये निकाल आला : आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला, आणि गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांवरून ५१ वर. सोळा महिने घ्यायचे की सुखाचे आठ, याचा कौल कोणी द्यायचा? बहुतेक घरांत अजून मुलगाच देतो. मला विचाराल तर हा सौदा रुग्णासमोर, त्याच्या भाषेत, आकड्यांसकट मांडावा आणि मग खोलीतल्या सगळ्यांनी थोडं गप्प बसावं.

त्या तीस प्रश्नांतल्या शेवटच्या दोन प्रश्नांना चार उत्तरं नाहीत, एक ते सात अशी पट्टी आहे. गेल्या आठवड्यातलं तुमचं एकूण जगणं कसं होतं? माझ्या नोकरीच्या अखेरीला परभणीकडचे एक शेतकरी होते, त्यांना हा प्रश्न वाचून दाखवला. ‘हे कोण वाचणार?’ त्यांनी विचारलं. वर ऑफिसात बेरीज होते, म्हणाले मी. त्यांनी बराच वेळ पट्टीकडे बघितलं, पाचवर बोट ठेवलं आणि रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर सही झाली का ते विचारलं. सोयाबीन काढणीला आलं होतं, त्यांना रात्रीच्या गाडीने निघायचं होतं.